लहान मुलांच्या वस्तू आणि खेळाचं साहित्य: पेटंटच्या आधी ‘नाही’ कोण म्हणू शकतं ते बघा

डिचोलीच्या एका ताईंनी दोन वस्तूंबद्दल विचारलं आहे. पहिली त्यांची स्वतःची: स्कूटरवर मूल मागे बसवून आपल्या अंगाशी बांधून घ्यायचा पट्टा. मूल झोपलं की मान लोंबते, म्हणून त्याला मानेमागे फोमची उशी जोडली आहे. दुसरी त्यांच्या भावाची. तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मुलांना फुटबॉल शिकवतो आणि पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीचा देठाकडचा रुंद चिवट भाग, थरावर थर दाबून त्याने शिनपॅड, म्हणजे नडगीवर बांधायचे पॅड, बनवले आहेत. मुंबईचा एक एजंट दोन्हींचं पेटंट करून देतो म्हणतो आणि रक्कम बरीच मोठी सांगतो. पैसे भरावेत का? आणि पट्ट्याचा व्हिडिओ आधीच इन्स्टाग्रामवर टाकलाय, त्यामुळे काही बिघडतं का?

पैसे एवढ्यात भरू नका. व्हिडिओमुळे थोडं बिघडलंय, सगळं नाही. त्याकडे शेवटी येतो, कारण तुमच्या दोन्ही वस्तूंचं भवितव्य पेटंट ऑफिसच्या हातात नाही.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नमुने बनवण्याचं काम करतो आणि या दोन्ही जातींच्या वस्तू माझ्या टेबलावर बऱ्याचदा येतात. वरवर पाहता खेळाचं साहित्य आणि बाळाच्या वस्तू यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. मिक्सर किंवा छत्रीचा नवा प्रकार काढला तर तो चालेल की नाही हे गिऱ्हाईक ठरवतं. इथे गिऱ्हाइकाच्या आधी एक तिसरा बसलेला असतो. खेळात तो नियमपुस्तक लिहिणारा, बाळाच्या वस्तूत सुरक्षेचं मानक लिहिणारा. त्याने नाही म्हटलं की गिऱ्हाइकाची पसंती आणि पेटंट दोन्ही कागदावरच राहतात.

खेळातली उदाहरणं सगळ्यांना ठाऊक असतात, पण लोक ती किस्से म्हणून ऐकतात. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थला डेनिस लिली इंग्लंडविरुद्ध अॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. चेंडू खराब होतो अशी तक्रार इंग्लंडच्या कर्णधाराने केली, खूप वाद झाला आणि पुढच्या नियमांत बॅटचं पातं लाकडाचंच हवं असं लिहिलं गेलं. त्या बॅटचा धंदा तिथेच संपला. १९७७ मध्ये टेनिसमध्ये वेर्नर फिशर नावाच्या जर्मन माणसाची दुहेरी तारांची रॅकेट गाजली. चेंडूला ती इतकी फिरकी द्यायची की त्या ऑक्टोबरात नास्तासे ती घेऊन खेळत असताना व्हिलास सामना अर्धवट सोडून निघून गेला आणि मातीच्या कोर्टावरची त्याची ५३ सामन्यांची विजयी मालिका तुटली. थोड्याच दिवसांत रॅकेटवर बंदी आली. पोहण्याचे ते पॉलियुरेथेनचे पोशाख आठवत असतील: २००८ मध्ये विक्रमांमागून विक्रम झाले आणि २०१० पासून ते बाद ठरले.

आता याच्या उलट बाजू. हॉवर्ड हेडने टेनिसची मोठ्या डोक्याची रॅकेट काढली आणि १९७६ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट मिळवलं. ती टिकली, कारण तेव्हाच्या नियमांत रॅकेटच्या आकाराला मर्यादाच नव्हती. आकाराची मर्यादा नंतर आली, तोवर मोठी रॅकेट घराघरांत पोचली होती. हेडने वस्तू बनवली ती नियमात जिथे जागा मोकळी होती तिथे. माझ्या मते खेळाच्या साहित्यातली ही सगळ्यात मोठी हुशारी.

तुमच्या भावाचं नशीब या बाबतीत चांगलं आहे. फुटबॉलच्या नियमांत शिनपॅडबद्दल फार मोजकं लिहिलं आहे: ते घालायलाच हवेत, योग्य साहित्याचे, पुरेसं संरक्षण देणारे आणि मोज्यांनी झाकलेले हवेत. कोणतं साहित्य ते लिहिलेलं नाही. म्हणजे विरी चालेल. मुळात हा प्रकारच असा जुगाडातून आला. १८७४ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा सॅम विडोसन, जो क्रिकेटही खेळायचा, त्याने क्रिकेटचे पॅड कापून लहान केले आणि मोज्यांवरून पट्ट्यांनी बांधले. लोक हसले म्हणतात. त्यामुळे सत्तरीतल्या कुणी हसलं तर भावाने मनावर घेऊ नये.

पण ‘पुरेसं संरक्षण’ दाखवावं लागेल. युरोपात फुटबॉलच्या शिनपॅडसाठी ईएन १३०६१ हे मानक आहे आणि त्यात आघाताच्या चाचण्या आहेत. विरीची अडचण मला माहीत आहे, कारण तिच्या पत्रावळी आणि ताटं आम्ही दाबून पाहिली आहेत. उन्हात सुकली की ती कडक पण ठिसूळ होते आणि तंतूंच्या दिशेने सरळ चिरते. ओली झाली की मऊ पडते. जून-जुलैत गोव्यात कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तर घामाने भिजलेल्या विरीचं काय होईल हे सांगायला नको. म्हणून एका थराचे तंतू उभे, पुढच्याचे आडवे असं रचून बघा. प्लायवुडवाले हेच करतात. थरांमध्ये काय चिकटवता, किती गरम प्रेसखाली किती वेळ दाबता, पाण्यापासून बचाव कशाने करता, याची वही ठेवा. शोध असला तर त्या वहीत आहे. कडेला कापडी पट्टी शिवाच, कारण विरी तुटली की कूस निघते आणि ती मुलाच्या नडगीत घुसली तर पालक परत येत नाहीत.

बाळाच्या वस्तूंकडे वळतो. इथे ‘नाही’ फार उशिरा येतं आणि महागात पडतं.

छत्रीसारखी घडी होणारी हलकी बाबागाडी ज्याने काढली त्या ओवेन मॅक्लारेनने आधी स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलं होतं. विमानाच्या पोटात चाकं कशी दुमडून बसवायची हे जाणणाऱ्या माणसाने १९६५ मध्ये अॅल्युमिनियमच्या नळ्यांची गाडी केली, जेमतेम पावणेतीन किलोची. अवजड गाड्या ढकलणाऱ्या आयांना ती वरदानच वाटली असणार. जगभर तिची नक्कल झाली आणि आजही मडगावच्या बाजारात टांगलेल्या गाड्यांचा सांगाडा त्याच घराण्यातला आहे. मग नोव्हेंबर २००९ मध्ये त्याच नावाच्या कंपनीला अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांबाबत सूचना काढावी लागली. घडी उघडताना बाजूच्या बिजागरीत मुलांची बोटं सापडत होती. बोटाचं टोक तुटल्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. उपाय काय निघाला? बिजागरीवर घालायचं कापडी कव्हर, फुकट वाटलेलं.

ज्या बिजागरीमुळे गाडी घडी होते, तीच बोट कापते. शोधाचा जीव जिथे असतो तिथेच धोका असतो, म्हणून माझ्याकडे कुणी घडीची खुर्ची किंवा पाळणा घेऊन आलं की मी आधी बिजागरी बघतो, रंगरूप मागाहून. अमेरिकी मानकांत यासाठी ठरलेलं माप आहे: हलणाऱ्या दोन कडक भागांमध्ये ५.३३ मिलिमीटरपेक्षा जाड आणि ९.५३ पेक्षा बारीक कांडी कुठेही आत गेली तर ती जागा धोक्याची. मुलाच्या बोटाच्या जाडीवरून बेतलेलं माप आहे. दोन्ही जाडीच्या ड्रिल बिट घरात ठेवा, चाचणी दहा मिनिटांत होते.

दुसरं उदाहरण तुमच्या उशीशी थेट जोडलेलं आहे. अमेरिकेत एका मोठ्या खेळणी कंपनीने २००९ मध्ये तिरकं झोपवायचं झोपाळं काढलं. बाळं त्यात पटकन झोपायची, आईबाप खूश. एप्रिल २०१९ मध्ये सुमारे ४७ लाख नग परत बोलावले गेले, कारण त्यात बाळं दगावल्याच्या तिसाहून जास्त नोंदी होत्या. तिरक्या स्थितीत हनुवटी छातीवर टेकते, बारीक श्वासनळी दबते, किंवा बाळ कलंडून तोंड गादीत जातं. २०२२ मध्ये तिथे कायदा झाला आणि दहा अंशांहून जास्त तिरकी झोपण्याची साधनं विकायला बंदी आली. दहा वर्षं गिऱ्हाइकांनी डोक्यावर घेतलेली वस्तू होती ती.

आणि एक गोष्ट खेळ आणि बाळ यांच्या बरोबर सांध्यावरची. सायकलच्या हेल्मेटचा पट्टा घट्ट हवा, पडल्यावर हेल्मेट निसटू नये, हे खेळाचं तर्कशास्त्र. पण लहान मूल सायकलवरून उतरून तसंच हेल्मेट घालून घसरगुंडीवर चढतं, हेल्मेट दोन दांड्यांत अडकतं आणि मूल त्या न सुटणाऱ्या पट्ट्याला लटकतं. अशा घटना घडल्या म्हणून युरोपात लहान मुलांच्या हेल्मेटसाठी ईएन १०८० हे वेगळं मानक आलं, ज्यात ठरावीक ओढ बसली की पट्टा आपोआप सुटतो. मोठ्यांच्या ईएन १०७८ मानकात तो सुटता कामा नये. वस्तू एकच, सुरक्षेची अट अगदी उलट. मोठ्यांचं साहित्य आखूड करून मुलाला दिलं की काम झालं असं समजणाऱ्यांना मी हे हमखास सांगतो.

तर ताई, तुमचा पट्टा. इथे तिसरा माणूस आपलं केंद्र सरकार आहे आणि त्याने बरंच लिहून ठेवलंय. फेब्रुवारी २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली, ती एक वर्षाने लागू झाली. चार वर्षांखालील मूल दुचाकीवर असेल तर चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. पट्टा कसा हवा तेही आहे: मुलाने घालायचं बंडीसारखं जाकीट, लहानमोठं करता येणारं, त्याला जोडलेले चालकाच्या खांद्यांत घालायचे पट्टे, वजनाला हलकं, पाण्यात टिकणारं, मजबूत, कापड जाड किंवा बहुतंतू नायलॉनचं, आत घट्ट फोम, आणि ३० किलो वजन पेलेल असं. हेल्मेटसाठी आपलं भारतीय मानक येईपर्यंत वर सांगितलेली युरोपीय सायकल-हेल्मेटंही चालतात.

हे वाचून लक्षात येईल की मूळ पट्ट्यात शोध उरलेला नाही, तो सरकारनेच छापून टाकलाय. एजंटाने हे तुम्हाला सांगितलं नसेल तर त्याने नियम वाचलेले नाहीत. तुमचं म्हणता येईल असं जे आहे ते उशीत आणि तिच्या जोडणीत.

पण उशी आत्ता आहे तशी नको. हेल्मेटची मागची बाजू गोल आणि फुगीर असते. मानेमागे उशी आली की ती हेल्मेटला पुढे ढकलते, झोपलेल्या मुलाची हनुवटी छातीवर जाते आणि आपण वरच्या झोपाळ्यापाशी येऊन पोचतो. चांगल्या सायकल-सीटच्या पाठीला हेल्मेटसाठी मुद्दाम खोलगट जागा ठेवलेली असते ती यासाठीच. मागची बाजू मोकळी सोडा आणि हेल्मेटच्या दोन बाजूंना, कानांच्या उंचीवर, आधार द्या. मान बाजूला कलंडते ती थांबेल, पुढे ढकलली जाणार नाही. हा आधार हेल्मेटला चिकटवू नका. पडताना डोकं मोकळं फिरायला हवं. आणि जाहिरातीत ‘बाळ निवांत झोपेल’ हे वाक्य कृपा करून लिहू नका. झोपण्याचं साधन म्हणून विकलं की त्याचे निकष बदलतात, शिवाय आईबाप म्हापशाहून पेडण्यापर्यंत मुलाला झोपलेलंच नेतील. मूल झोपलं की कडेला थांबायचं, हे सूचनापत्रात पहिल्या ओळीत हवं.

साहित्याबाबत माझी एक तक्रार आहे, ती नियमाशी आहे. नायलॉनचा पट्टा पाणी पितो आणि ओला झाला की ताणतो. उन्हापावसात पॉलिएस्टर जास्त टिकतं. आपल्याकडचे चार महिने बघता मी पॉलिएस्टर निवडलं असतं. पण नियमात नायलॉन लिहिलंय, तर नायलॉनच घ्या. मग निदान पट्टा ओला असताना किती लांबतो ते मोजा आणि कड्या त्या हिशोबाने लावा, कारण घरून घट्ट बांधलेला पट्टा पावसात भिजून अस्नोड्याला पोचेपर्यंत सैल झालेला असतो. शिलाई सुती दोऱ्याने नको. जोडाच्या जागी चौकोन आणि आत फुली अशी शिलाई करायला सांगा. बॅगा शिवणारे कारागीर ती डोळे मिटून करतात. पॉलिश केलेली लोखंडी बक्कलं किनाऱ्याच्या गावात एका पावसाळ्यात गंजतात. धातू हवाच असेल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस मागा, ३०४ खाऱ्या हवेत डाग धरतं.

पट्ट्यांची लोंबणारी टोकं आत खोचायला घरं ठेवा. ओढणी चाकात जाऊन काय होतं ते आपल्या रस्त्यांवर सगळ्यांनी पाहिलंय. एखादं बटण, टोपण किंवा कडी निघून येत असेल तर ती ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण बसते का बघा. बसली तर तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. बक्कल मुलाला उघडता येऊ नये, पण स्कूटर आडवी झाली तर चालवणाऱ्याला एका हाताने उघडता यायला हवं. या दोन अटी एकमेकींशी भांडतात, आणि खरं सांगायचं तर पेटंट मिळण्याजोगं काही निघालं तर ते याच भांडणातून निघेल. तिथे वेळ घालवा.

चाचणी मुलावर करायची नाही, पहिल्या दिवशी तर नाहीच. उकड्या तांदळाचं तीस किलोचं पोतं पट्ट्यात घालून तुळईला टांगा, कोरडं, मग भिजवून, मग आठवडाभर उन्हात ठेवून. शिलाई कुठे ओढली जाते त्याचे फोटो काढा. नंतर मुलाच्या वजनाचं पोतं पाठीला बांधून गतिरोधकांवरून जा. आराम आणि झीज कळायला सगळ्यात चांगले परीक्षक म्हणजे आपले मोटारसायकल पायलट, भाड्याने माणसं मागे बसवून नेणारे. खांद्याचे पट्टे दिवसभर घालून त्यांना फिरायला सांगा, कुठे काचतं ते संध्याकाळी न विचारता सांगतील. मात्र ही घरची तपासणी झाली. विकायच्या आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे आणि घरी शिवलेल्या दहा पट्ट्यांना त्यातून सूट नाही.

आता पेटंट. भारतात अर्जाआधी स्वतःच केलेली प्रसिद्धीसुद्धा नावीन्य मारते. अमेरिकेत शोधकर्त्याला वर्षभराची सवलत असते, आपल्याकडची सवलत सरकारने जाहीर केलेली प्रदर्शनं वगैरे मोजक्या प्रसंगांपुरती आहे. त्यामुळे व्हिडिओत जे दिसलं ते गेलं. पण तुमच्या वर्णनावरून व्हिडिओत जाकीट आणि मागची उशी दिसते. बाजूचा आधार अजून व्हायचाय, बक्कलाची आतली रचना कुणी पाहिलेली नाही. त्या दोन्हींचा नवा व्हिडिओ टाकू नका. जुना काढून टाकला तरी झालेली प्रसिद्धी पुसत नाही.

आधी स्वतः शोधा. गूगल पेटंट्स आणि युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पासनेट फुकट आहे. शोधताना पेटंटच्या वर्गीकरणातले क्रमांक घाला: मुलाला अंगाशी वागवायच्या साधनांचा वर्ग ए४७डी १३/०२, खेळाडूंच्या अंगरक्षक पॅडचा ए६३बी ७१/१२. दोन संध्याकाळी बसलात तर एजंटाच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मिळतील. मग काहीतरी नवं उरलंच, तर तात्पुरता तपशील, म्हणजे शोधाचं पहिलं वर्णन, दाखल करा. व्यक्तीच्या नावावर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे, गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयात जातात. पूर्ण तपशिलासाठी तिथून १२ महिने मिळतात. त्या वर्षभरात नमुना सुधारा, चाचण्या करा, आणि लेखनासाठी एजंटाला पैसे द्यायचे तर तेव्हा द्या; दावे, म्हणजे शोधात नेमकं आपलं काय ते सांगणारी वाक्यं, लिहिणं हे कसबी काम आहे, तिथे काटकसर नको. अर्जदारांत स्त्री असेल तर जलद तपासणी मागता येते, ती मागाच.

भावाला पेटंट मिळणं अवघड दिसतं. माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा वापर आपल्या कायद्यात शोध धरत नाहीत, आणि विरी दाबून ताटं करणं तर सगळ्यांना ठाऊक आहे. थरांची रचना आणि चिकटवण्याची पद्धत यांनी काहीतरी अनपेक्षित फरक पडतो हे आकड्यांनी दाखवता आलं तरच पुढे जावं. दिसण्यासाठी डिझाइन नोंदणी स्वस्त आहे, दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच; पण ती फक्त रूप राखते. मेरठ-जालंधरचे कारखाने आकार थोडा बदलून तीच वस्तू काढू शकतात. तरीही धंदा म्हणून मला शिनपॅडच जास्त आवडला: माल गावात मिळतो, नियम आड येत नाही, चुकलं तर नडगीला खरचटेल. पट्ट्यात चुकलं तर मूल रस्त्यावर पडेल. साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये अटल इन्क्युबेशन सेंटर आहे, तुम्हाला जवळ पडेल. दोघांनी पॅडची कागदपत्रं घेऊन तिथे एक चक्कर मारा.

अर्ज दोन वेगळे करा, एकात दोन्ही वस्तू कोंबू नका. पट्ट्याच्या अर्जात शोधकर्ता म्हणून तुमचं नाव, पॅडच्या अर्जात भावाचं. आणि खांद्याचे पट्टे पाठीवर फुली करून घ्यायची युक्ती शिवणाऱ्या काकांनी सुचवली असं तुम्ही लिहिलंय. ती युक्ती दाव्यात येणार असेल तर शोधकर्त्यांत त्यांचंही नाव घालावं लागेल. पुढे कुणी अर्जाला हरकत घेतली तर या जागीही घेऊ शकतं. त्यांच्याशी हिस्स्याचं बोलून, लिहून, सही घेऊन मगच अर्ज भरा.